मोहाच्या गाण्यात अर्धा वाटा

दिवाळी ते होळी माझ्या ऑक्टोपॅडवाल्या मित्राची रात्र मोकळी नसते. धान कापून झालं की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. वडशाच्या कंपन्या गावोगावी रात्रभर प्रयोग करतात आणि हा मंचाजवळ बसून खलनायकाच्या प्रवेशाला कडकडाट देतो. म्हणून आमच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण मे महिन्यावर गेलं. चंद्रपूरचा मे! खोलीभर गोधड्या टांगलेल्या, आणि पंख्याची घरघर माईकमध्ये येते म्हणून प्रत्येक टेकला पंखा बंद. गायकाच्या कानावरून हेडफोन घामाने घसरायचे.

गाणं लहानपणावरचं होतं. माझं लहानपण नागभीडचं. इतवारीहून उमरेड, भिवापूर करत येणारी छोट्या रुळांची गाडी तिथे दिवसाचे भाग पाडायची. रूळ मोठे करायचे म्हणून 2019 च्या नोव्हेंबरात ती बंद झाली. मुखडा तिच्यावरच सुचला, तेव्हा ठेकाही तिचाच हवा होता. जुने रूळ तुकड्यातुकड्यांनी जोडलेले असत. सांध्यावरून चाकं गेली की जोडीने खट्‌खट्‌ वाजायचं. आता रूळ वेल्ड करून सलग करतात. मोठ्या गाडीत बसून तो आवाज टिपून आणावा म्हटलं, तर तो तिथे नव्हताच.

ऑक्टोपॅडमधले सगळे आवाज वाजवून पाहिले. फार चकचकीत वाटले. शेवटी मित्राने हार्मोनियमची रिकामी लाकडी पेटी मांडीवर घेतली आणि बोटांच्या पेरांनी ठोकायला लागला. मैदानातल्या गर्दीपर्यंत पोचवायची सवय असलेला हात त्याने इतका हलका केला, की माईक जवळ सरकवावा लागला. मी ते ठोके संगणकावर क्लिकच्या रेघांना नेमके जुळवत होतो. तो मागून म्हणाला, "ही गाडी कधी टायमावर आली होती रे?" मी जुळवणं थांबवलं. ठेका किंचित मागे रेंगाळतो, तसाच ठेवला.

पहिला अंतरा मोहफुलांचा. पहाट, झाडाखाली पिवळसर सडा, गोड उग्र वास, काखेत टोपली. त्याखाली मी व्हायोलिनचे थर चढवले होते, वर बासरी. त्याच सुमारास आत्या सिंदेवाहीकडून लग्नासाठी आली होती. तिला हेडफोन लावून दिले. तिने पूर्ण ऐकलं आणि काढून हातात दिले. "तुले वास आठवते. मले कंबर आठवते."

मग ती बोलत राहिली. फुलं रात्रीपासून गळतात. गुरं आणि हरणं यायच्या आत वेचावी लागतात, म्हणून अंधारातच निघायचं. चैत्रातलं ऊन चढेपर्यंत वाकूनच राहायचं. घरी आणून अंगणात वाळवायची, राखण करायची, मग व्यापाऱ्याच्या काट्यापुढे उभं राहायचं. सुट्टीत गेलेला मी चार मुठी वेचून झाडाखाली झोपायचो, हेही तिने गायकासमोर सांगितलं. आता वाघाची भीती आहे. ब्रह्मपुरी वनविभागात मोह वेचणाऱ्यांवर हल्ले झालेले आहेत. बाया गटाने जातात, मोठ्याने बोलत राहतात, आणि पोरांना सोबत नेत नाहीत. माझ्या अंतऱ्यातली पहाट तिच्या नातवाला मिळालेलीच नाही.

मला दुसरा अंतरा शाळेचा करायचा होता. मित्र म्हणाला, आत्याचा कर. मूड मोडेल, मी म्हणालो. झाडीपट्टीत लावणीमागून रडण्याचा प्रवेश लागतो आणि पब्लिक दोन्हींना बसून असते, हे त्याचं उत्तर. हा माणूस वर्षानुवर्षं हजारोंच्या गर्दीकडे तोंड करून वाजवत आला आहे. मी हेडफोनमध्ये एकटा ऐकतो. त्याचं मानलं.

आत्या गायली नाही, ठेक्यावर बोलली. तिचा "उजेड" आणि "टोपली" बरोबर पेटीच्या ठोक्याआधी पडत होते, शिकवावं लागलं नाही. तिच्या अंतऱ्यातून व्हायोलिन आणि बासरी काढून टाकली. पंखा बंद असल्याची तक्रार न करणारी खोलीत ती एकटीच. पहिला अंतरा आहे तसाच ठेवला. गाव सोडून गेलेल्याला मोह असाच दिसतो, तेही खोटं नाही. फक्त त्याच्यानंतर लगेच तिचा आवाज येतो.

गाणं नोंदवताना गीतकाराच्या रकान्यात दोघांची नावं लिहिली. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकाराचा रॉयल्टीतला हक्क पक्का केला आहे, म्हणून शब्दांच्या वाट्यातला अर्धा तिचा. पॅन कार्डाची झेरॉक्स मागितली तेव्हा तिने कशाला म्हणून विचारलं. तुझ्या बोलण्याचे पैसे येतील, म्हटलं. थोडेच येतील, पण येतील.

"कसे किलो?" आत्याने विचारलं.