शून्य रुपयांचे तिकीट

स्वस्त प्रवासाचे शास्त्र मला चांगले अवगत आहे, असा माझा समज होता. सुट्टी लागली की एस. टी.चा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास काढायचा. मास्तराच्या खिशाला तोच परवडतो!

यंदा कराडहून चिपळूणला, आईच्या माहेरी निघालो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून राज्यात एस. टी. फुकट. कंडक्टरने शून्य रुपयांचे तिकीट दिले. आईने ते जपून कनवटीला खोचले.

मी हसून म्हटले, “अगं, त्याला किंमत नाही.”

“तुझ्या कॉलेजच्या फीपायी चार वर्षं माहेरी गेले नव्हते रे. भाड्याला पैसे उरत नसत.”

कुंभार्ली घाट उतरेपर्यंत मी काही बोललो नाही.