चैत्रगौर आणि बंगळूरचा वळीव

चैत्रगौरीचे हळदीकुंकू म्हणजे संध्याकाळचा समारंभ. बंगळूरच्या मराठी घरांची पंचाईत अशी, की तिथल्या वळवाचीही वेळ बहुधा तीच! दुपारी ऊन भाजते, चारनंतर आभाळ काळवंडते आणि वारा सुटतो तो गच्चीवरच्या कुरडया उधळीतच.

आरास मांडलेली, पन्हे तयार, आणि वीज गेलेली. मग समईच्या उजेडात कुंकू लागते. शेजारच्या कन्नड बायकांना यातले काहीच परके नसते. रामनवमीला त्यांच्याकडे पानक आणि मुगाची कोसंबरी असते; आपली कैरीची डाळ तिचीच बहीण म्हणायची.

खरी काळजी परतीच्या वाटेची. लालबागेचे जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल यांनी या शहरात वर्षभर आळीपाळीने फुलणाऱ्या झाडांची योजना केली. रस्त्यांवरचा गुलमोहर ऐन बहराच्या दिवसांतच मोडतो. लाकूड ठिसूळ, मुळे उथळ, त्यात बुंध्यापर्यंत काँक्रीट. वाऱ्याबरोबर पाणीही तुंबते. २१ मे २०२३ च्या रविवारी अशाच वादळी पावसात के. आर. सर्कलच्या भुयारी रस्त्यात एका कुटुंबाची मोटार बुडाली आणि एका तरुणीचा जीव गेला.

म्हणून भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरून झाली, तरी वारा असेपर्यंत जाणती यजमानीण कुणाला उंबरा ओलांडू देत नाही. डाळ पुन्हा वाढली जाते. घरोघरी फोन होतात, "आम्ही इथेच आहोत, रिक्षा झाडाखाली उभी करू नका."