मोर्णेत जहाज का येत नाही?

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझचे फोटो आता अकोला-अमरावतीच्या घराघरांत मोबाइलवर पाहिले जातात. ते पाहून एखादे पोर हमखास विचारते, "एवढं मोठं जहाज आपल्या मोर्णेत येईल का?" मोठी माणसे हसतात आणि विषय तिथेच संपतो. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधू लागलो, तर वऱ्हाडच्या नद्यांबरोबर आपण थेट हाजींच्या जुन्या बंदरात जाऊन पोचतो.

आधी सरळ उत्तर. असे जहाज मोर्णेत येणार नाही. जहाज तरंगताना दिसते, तरी त्याचा बराच भाग पाण्याखाली असतो. समुद्रातल्या मोठ्या क्रूझला साधारण सात ते नऊ मीटर, म्हणजे दोन-तीन मजली घर बुडेल इतके खोल पाणी लागते. वळायला जहाजाच्या लांबीपेक्षा रुंद पात्र लागते, आणि वाटेत बुटके पूल असून चालत नाही.

काही शहरांच्या नद्यांत मोठी जहाजे येतातही. जर्मनीतले हॅम्बुर्ग समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, एल्ब नदीवर आहे. तिथे ३४५ मीटर लांबीचे 'क्वीन मेरी २' हे जहाज येते. पण त्यासाठी समुद्राची भरती पार शहरापर्यंत चढावी लागते आणि नदीच्या तळाचा गाळ सतत उपसत राहावा लागतो. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगडला निघालेले 'गंगा विलास' मुद्दाम नदीसाठीच बांधलेले. लांबी ६२ मीटर, प्रवासी ३६, आणि पाण्याखालचा भाग जेमतेम १.४ मीटर. गंगेसारख्या नदीतही जहाजाला एवढे उथळ व्हावे लागले.

आता आपल्या नद्या पाहू. मोर्णा अकोल्याच्या मधून वाहते. औरंगजेबाच्या काळातला असदगड तिच्याच काठावर आहे. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर आहे. पावसाळ्यात दोन्ही नद्या भरल्या की तो पाण्यात उभा असल्यासारखा दिसतो. अमरावती शहराच्या वाट्याला अंबा नाला आला. पावसाळा सरला की यातल्या बहुतेक पात्रांत डोह आणि वाळूच उरते. जुलै २०२१ मध्ये मोर्णेचे पाणी अकोल्याच्या वस्त्यांत शिरले होते, पण चार दिवसांच्या पुरावर जहाज चालत नाही.

या भागातल्या बहुतेक नद्यांचे पाणी शेवटी पूर्णेला मिळते. सातपुड्यातून येणारी पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतून पश्चिमेला जाते आणि चांगदेवजवळ तापीत मिसळते. तापी पुढे सुरतेवरून खंबातच्या आखाताला मिळते. म्हणजे असदगडाच्या पायथ्याचे पाणी सुरतेच्या काठावरून समुद्रात जाते.

आणि सुरत म्हणजे मोगल काळात हजला जाण्याचे मुख्य बंदर. लोक त्याला बाब-उल-मक्का, मक्केचा दरवाजा म्हणत. बाबराची लेक गुलबदन बेगम १५७६ मध्ये घरातल्या स्त्रियांसह इथूनच हजला निघाली. १६४४ मध्ये बांधलेल्या मुगलसराईत हाजी उतरत. त्याच इमारतीत आज सुरत महापालिकेचे कार्यालय आहे.

गंमत अशी, की एवढ्या नावाजलेल्या बंदरातही भरलेली मोठी जहाजे शहरापर्यंत येत नसत. तापीच्या मुखाशी गाळ साचलेला. म्हणून ती सुवालीजवळ समुद्रात नांगर टाकत, आणि माल होड्यांतून किंवा बैलगाड्यांतून शहरात आणावा लागे. तो गाळ तापीने वाटेतून गोळा केलेला. त्यात खानदेशची माती होती, तशी पूर्णेने वाहून नेलेली आपली काळी मातीही होती. वऱ्हाडच्या वावरातून सुटलेला कण सुरतेच्या दारात जाऊन बसत होता.

पुढे मुंबईचे बंदर वाढले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. मग वऱ्हाडचे हाजी आगगाडीने मुंबईला जाऊन जहाजात बसू लागले. १९९५ मध्ये मुंबई-जिद्दा जहाजही थांबले. घरातली वयस्क माणसे अजून त्या समुद्रप्रवासाच्या आठवणी सांगतात. त्यांच्याकडून त्या वेळीच ऐकून घ्याव्यात.

२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले आणि त्या यादीत तापीचे नाव आहे. पण कागदावर नाव आल्याने नदी खोल होत नाही. पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणीच खारट. तिथल्या बाईला क्रूझ नको, एक हंडा गोडे पाणी हवे. मोर्णेकाठच्या अकोल्यालाही प्यायचे पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून आणावे लागते.

१३ जानेवारी २०१८ ला हजारो अकोलेकर मोर्णेत उतरले होते. सगळ्या मोहल्ल्यांच्या माणसांनी मिळून जलकुंभी ओढून काढली. असे काम एकदा करून भागत नाही. सांडपाणी येत राहिले की जलकुंभी पुन्हा वाढते. नदी चांगली राखायची तर घरचा कचरा नाल्यात जाता कामा नये, गटाराचे पाणी स्वच्छ करूनच सोडले पाहिजे आणि वावराची माती बांधावरच अडली पाहिजे. मोर्णेत तेवढे पाणी आले आणि त्यात लेकरांना नावेत बसवून फिरवता आले, तरी आपल्याला पुष्कळ झाले.