धोक्यात घालणारे क्रियापद

इंग्रजीत 'एन्डेंजर' असे एक क्रियापद आहे. आपली इंग्रजी माध्यमातील मुले ते सहज वापरतात. परंतु मराठी अर्थ विचारला की बहुतेक जण 'धोका पत्करणे' असे सांगतात. वास्तविक धोका पत्करणे म्हणजे 'रिस्क' आणि 'एन्डेंजर' म्हणजे धोक्यात घालणे. पत्करणारा बहुधा स्वतःचा जीव पणाला लावतो. घालणारा बहुधा दुसऱ्याचा.

या शब्दाचे कूळ पाहण्याजोगे आहे. लॅटिनमध्ये 'डोमिनुस' म्हणजे धनी, प्रभू. त्याच कुळातून जुन्या फ्रेंच भाषेमार्गे 'डेंजर' इंग्रजीत आला. आरंभी त्याचा अर्थ धन्याची सत्ता, इजा करण्याचे त्याचे सामर्थ्य असा होता. ज्याचे बरेवाईट दुसऱ्याच्या हाती, तो 'डेंजर'मध्ये.

पुणेकरांना हा भेद निराळा समजावून सांगायला नको. बांधकाम पुरते झालेले नसताना पानशेत धरणात पाणी साठू दिले गेले. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले आणि मुठेकाठच्या पेठा पाण्यात बुडाल्या. धरण वाचवण्यासाठी वाळूची पोती रचणाऱ्या जवानांनी धोका पत्करला. काम अपुरे असताना पाणी साठू देणाऱ्यांनी शहर धोक्यात घातले. दोहोंना एकच क्रियापद लावणे हा अन्याय होईल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धोक्यात घालण्यासाठी अपघात घडावाच लागतो असे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ नुसार, बेदरकार वा निष्काळजी कृतीने इतरांचे जीवित धोक्यात आणणे हा, कोणालाही इजा झाली नाही तरी, गुन्हाच आहे. जुन्या दंडविधानातही तशीच तरतूद होती. १९९२ साली प्रसिद्ध झालेली कॅथलिक ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा 'खून करू नको' या आज्ञेचे विवरण करताना मद्यपानाने किंवा वेगाच्या हव्यासाने स्वतःची व इतरांची सुरक्षितता धोक्यात घालणाऱ्याला गंभीर दोषी ठरवते.

आपल्या शहरात दुचाकीवर पुढे लेकरू उभे करून, कानाला फोन लावून उलट्या दिशेने जाणारे बाप रोज दिसतात. "काही झाले तर नाही ना?" असे ते म्हणतात. त्या लेकराने मात्र काहीच पत्करलेले नसते. त्याचे बरेवाईट सर्वस्वी बापाच्या हाती असते. मुलांना हा शब्द शिकवताना आईबापांनी एवढे अवश्य सांगावे आणि गाडीला किल्ली लावताना स्वतःही आठवावे.