वरंधा घाटात दुसरा गिअर

पुण्याहून कोकणात उतरायचे म्हटले की आपल्या वस्तीतली माणसे स्वारगेटला जाऊन एसटीच्या रांगेत उभी राहतात. आम्हीही इतकी वर्षे तेच केले. परंतु यंदा दिवाळीनंतर बिरवाडीला अक्काच्या नातवाच्या नामकरणाला जायचे ठरले, आणि घरात नुकतीच एक जुनी स्प्लेंडर आली होती. लोखंडी पाळण्याच्या दांड्या, आहेराची पिशवी आणि आम्ही दोघे. एसटीत पाळणा घेऊन चढायचे म्हणजे कंडक्टरशी भांडण. हिने विचारले, "गाडी घाट चढेल का?" मी म्हणालो, "का नाही चढणार?" मी कारखान्यात फिटर आहे. लोखंडाची आपल्याला माहिती आहे, असा माझा समज होता.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी कट्ट्यावर विषय निघाला. आमच्या कट्ट्यावर तीन गाड्यांचे तीन धर्म आहेत. आप्पांची येझदी, दोन सायलेन्सरची. त्यांनी ती खडकीला नोकरीत असताना घेतली, आणि म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला तरी अजून चालू ठेवली आहे. पोस्टातल्या काकांची जुनी बुलेट, जिचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. ती गाडी दुसऱ्या कोणाला चालवायला दिली की तो माणूस ब्रेक समजून गिअर दाबतो, म्हणून काकांची गाडी कोणी मागत नाही. आणि तिसरी आमच्यासारख्यांची, शंभर सीसीची, चारही गिअर पुढे दाबायचे आणि टाचेने मागे यायचे.

वाद असा की, सावकाश चालताना गिअर कोणता ठेवावा. वस्तीच्या बोळात दर वीस पावलांवर गतिरोधक. माझा पुतण्या म्हणतो, तिसऱ्यावरच ठेवायची, थोडा क्लच दाबायचा, पेट्रोल वाचते. काका म्हणतात, बुलेट तिसऱ्यावर चालण्याच्या वेगाने जाते. बरोबर आहे, बुलेटचे इंजिन साडेतीनशेचे, चाक जड, ती संथ फेऱ्यांवरही ओढते. शंभर सीसीचे इंजिन तसे ओढत नाही. त्याला वेग कमी आणि गिअर मोठा दिला की ते थरथरते, साखळी झटके खाते, गाडी घोड्यासारखी मान हलवते. ते पेट्रोल वाचवत नसते, ते कण्हत असते.

मग आप्पांनी घाटाचा सल्ला दिला. "उतारावर गाडी न्यूट्रल कर. इंजिनाला विश्रांती, पेट्रोल फुकट." पुतण्याने मान डोलावली. तोही त्याच्या नव्या गाडीवर आमच्याबरोबर येणार होता, मागे त्याची आई. मी गप्प बसलो. वडील माणसाला कट्ट्यावर सर्वांसमोर चूक म्हणायची आपली रीत नाही. त्या गप्प बसण्याची मला पुढे लाज वाटली.

पहाटे निघालो. कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूर, कापूरहोळला साताऱ्याचा हमरस्ता सोडून उजवीकडे वळलो की भोरची वाट लागते. पुण्यापासून भोर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. भोरला नीरा नदी आहे, संस्थानिकांचा जुना राजवाडा आहे. आम्ही पाहिली ती चहाची टपरी, आणि टाकी भरून घेतली. भोर सोडल्यावर मात्र डोळ्यांना काय काय पाहू असे होते. नीरा-देवघर धरणाचे पाणी रस्त्याच्या कडेने कितीतरी वेळ सोबत चालते. डोंगर पाण्यात उतरलेले, मध्येच एखादी वाडी, भाताची कापणी झालेली खाचरे, वाळत घातलेला पेंढा. हिरडोशी गेले, वारवंड गेले. शाळेत निघालेली पोरे हात करत होती. सगळ्यांना हात करताना ही मागून म्हणाली, "असे एसटीच्या खिडकीतून दिसत नाही हो."

सपाटीला गाडी छान. चढ आला की मात्र काहीतरी खटकत होते. दुसऱ्यावर इंजिन कमी पडते, पहिल्यावर ओरडते. मधला गिअरच हरवल्यासारखा. मी अर्धा क्लच दाबून वेळ मारून नेत होतो. पाळण्याचे वजन असेल, असे मनाला सांगितले.

माथ्यावर वाघजाईचे देऊळ आहे आणि तिथे भज्यांच्या टपऱ्या. कांदाभजी, लसणाची चटणी, समोर सह्याद्रीचा कडा सरळ तुटलेला आणि खाली कोकण. माकडे मात्र पिशवीवर टपलेली असतात, सावध राहावे. उन्हाळ्यात नि हिवाळ्यात हा घाट शांत असतो. पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि रस्ता कित्येकदा बंद ठेवतात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून सगळी वाडी गाडली गेली, ते याच डोंगरांच्या पायथ्याशी. टपरीवाल्या मावशींनी तिकडे बोट दाखवले आणि पुढे काही बोलल्या नाहीत. आम्हीही विचारले नाही.

उतार सुरू झाला. मी दुसऱ्या गिअरवर, थ्रॉटल सोडलेला, इंजिन गाडीला मागे खेचून धरते. पुतण्या माझ्या शेजारून सुळकन पुढे गेला, आवाजच नाही. न्यूट्रल. मागे वहिनी पदर सावरत बसलेल्या. हॉर्न वाजवला, त्याने हात हलवला.

चार-पाच वळणांनंतर तो दिसला. डोंगराच्या बाजूच्या चरीत गाडी आडवी, वहिनी दगडावर बसलेल्या, कोपर सोललेले. पुतण्याचा चेहरा पांढरा. "काका, पाय पूर्ण खाली गेला, ब्रेक लागलाच नाही." मागच्या चाकाजवळ हात नेला तर ड्रमला हात लावता येईना, करपल्याचा वास. त्याने प्रसंगावधान राखून गाडी डोंगराकडे घातली. दुसऱ्या बाजूला दरी होती. त्या बाजूला मी पाहिले नाही.

वाचकहो, यात गूढ काही नाही. न्यूट्रलमध्ये सगळे वजन ब्रेक एकटा अडवतो. ड्रमच्या आतले लायनर सतत घासून तापतात, तापले की त्यांची पकड जाते. अर्धा तास गार होऊ दिले की ब्रेक पुन्हा लागतो, म्हणून मेकॅनिककडे नेल्यावर तो म्हणतो, "ब्रेक तर ठीक आहे." १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना पुढचा-मागचा एकत्र लागणारा ब्रेक असतो. तो चांगलाच आहे; पण तापायचे तर दोन्ही ड्रम तापतात.

आणि आप्पा? आप्पा खोटे सांगत नव्हते. येझदी टू-स्ट्रोक. तिच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले असते आणि इंजिनाला वंगण त्याच पेट्रोलमधून मिळते. लांब उतारावर थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये उतरले तर पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे वंगणही बंद, आणि इंजिन मात्र जोरात फिरते. पिस्टन अडकायची भीती. म्हणून त्या काळचे लोक क्लच दाबत, न्यूट्रल करत. त्यांच्या गाडीला ते शहाणपण होते. आपल्या फोर-स्ट्रोक गाडीत ऑइल इंजिनाच्या तळाशी वेगळे असते. पेट्रोल बंद झाले तरी वंगण चालूच. तिला न्यूट्रलची गरजच नाही. (२०२२ साली येझदी नावाने पुन्हा गाडी आली ती फोर-स्ट्रोक आहे, तिला जुना नियम लावू नये.)

दगडावर बसूनच मी पुतण्याला पेट्रोलचा हिशेब करून दाखवला. दहा-बारा किलोमीटर उतार धर. लिटरला साठ धर. सगळा उतार इंजिनाने पेट्रोल पीत उतरलास तरी दोनशे मिली. शंभराच्या भावाने वीस रुपये. शिवाय २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या इंजेक्शनच्या गाड्या बहुधा गिअरमध्ये उतरताना, थ्रॉटल बंद असेल तेव्हा पेट्रोल आपोआप तोडतात. न्यूट्रल केले तर इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागते. वहिनी कोपराला हळद लावत म्हणाल्या, "वीस रुपयांची भजी खाल्ली असती."

उरलेला उतार आम्ही दोघे दुसऱ्यावर उतरलो. माझेरी, वरंध, आणि दुपारी बिरवाडी. नामकरण चांगले झाले. पाळणा दाजींनी स्वतः जोडला.

खरी फजिती परतीच्या दिवशी. आता तोच घाट चढायचा. वरंध सोडून चढ लागला आणि माझ्या गाडीने हाय खाल्ली. दुसऱ्यावर थरथर, पहिल्यावर किंचाळणे, मी पुन्हा अर्धा क्लच. तिसऱ्या वळणावर इंजिन भन्नाट फिरू लागले आणि गाडी जागेवर. करपट वास. क्लच घसरला. ही उतरली, बाजूला उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, "पोराला शिकवलेत, स्वतः काय केलेत?"

गाडी ढकलत, उताराला पहिल्यावर टाकत परत बिरवाडीला आणली. दाजींच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, रस्त्याकडेला पत्र्याची शेड. त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागचे चाक हाताने फिरवले, आणि इंजिनाला हात न लावता साखळीवरचे झाकण उघडले. पुढच्या स्प्रॉकेटवर खडूने एक खूण करून दात मोजले. मग माझ्याकडे पाहिले. "साहेब, एक दात जास्त आहे."

आधीच्या मालकाने मायलेज वाढावे म्हणून पुढे एक दात जास्तीचे स्प्रॉकेट बसवले होते. समजा चौदाच्या जागी पंधरा. म्हणजे प्रत्येक गिअर सुमारे सात टक्क्यांनी लांब झाला. सपाट रस्त्यावर एकट्या माणसाला ते मानवते, इंजिन शांत वाटते. परंतु दोन माणसे, सामान आणि घाट असला की पहिला आणि दुसरा यांच्यामधली पोकळी आणखी जाणवते. ती पोकळी मी तीन दिवस क्लचच्या प्लेटी जाळून भरत होतो. फिटर असून गाडी घेताना दात मोजले नाहीत! सीट पाहिली, रंग पाहिला, किलोमीटर पाहिले.

क्लच उघडला तर प्लेटींचे अस्तर सुटून ऑइलमध्ये आलेले. मिस्त्री म्हणाले, हा माल मुळातच हलका, कोणीतरी स्वस्तात बसवलेला. त्यात तुमचा अर्धा क्लच. या गाडीचा क्लच ऑइलमध्ये बुडलेला असतो, म्हणून मोटारीचे ऑइलही यात घालू नये, प्लेटी घसरतात. डब्यावर मोटारसायकलसाठी असे पाहून घ्यावे. दाजी मिनिडोअरने महाडला गेले आणि कंपनीच्या बंद पाकिटातले पार्ट घेऊन आले, बिलासकट. साखळी आणि मागचे स्प्रॉकेट फारसे झिजले नव्हते म्हणून नुसते पुढचेच बदलले. एरवी तिन्ही एकदम बदलावे लागतात. झिजून हूकसारखे झालेले दात नव्या साखळीला चार महिन्यांत खातात. पुढे एक दात कमी झाल्याने साखळी सैल पडली, ती मागे ओढून मधोमध साधारण इंचभर हलेल एवढी ठेवली. क्लचच्या दांडीलाही थोडा ढिलेपणा ठेवला. ती वायर ताणून बांधली की क्लच कायमचा अर्धवट दाबलेला राहतो, आणि पुष्कळांच्या गाड्या अशाच जळतात.

मिस्त्रींनी जुने पार्ट कागदात बांधून माझ्या हातात दिले. "नेहमी मागून घ्यायचे. आपले पैसे गेलेत त्याचे." पुण्यात नाना पेठेत सुट्ट्या भागांची केवढी दुकाने आहेत, तिथे जुना भाग हातात घेऊन गेले की नेमका जोड मिळतो, नुसत्या गाडीच्या नावावर मिळेलच असे नाही. हे मला माहीत होते. माहीत असून केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. वरंधच्या पुढे चढ सुरू होताच दुसरा गिअर. गाडी कण्हली नाही, ओरडली नाही, वीसच्या वेगाने एकसारखी चढत राहिली. अवघड वळणावर वळायच्या आधीच पहिला, वळून झाल्यावर पुन्हा दुसरा. क्लच पूर्ण दाबायचा नाहीतर पूर्ण सोडायचा. पुतण्या मागे, त्याच गिअरवर, त्याच वेगाने. वाघजाईला थांबलो तेव्हा मी हाताने क्लचच्या बाजूचे झाकण चाचपले. गरम होते, पण वास नव्हता. वहिनींनी दोन प्लेट भजी मागवली आणि पैसे पुतण्याला द्यायला लावले.

घरी आल्यावर संध्याकाळी कट्ट्यावर मी ते जुने स्प्रॉकेट आप्पांच्या हातात ठेवले आणि घाटातले सगळे सांगितले, न्यूट्रलचेही. या वेळी सर्वांसमोर. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. चष्मा वर करून त्यांनी एका दातावर अंगठा ठेवला आणि मोजायला सुरुवात केली. एकदा मोजून झाले, पुन्हा मोजले. मग पुतण्याला म्हणाले, "तुझ्या आईचे कोपर कसे आहे रे?"