मडगावचा फ्रेटलेस

हाताने बनवलेली गिटार म्हटलं की गिऱ्हाईक आवाज खाली आणून बोलायला लागतं. मी मात्र आधी संशय घेतो. कारखान्यातून आलेल्या बेस गिटारीत काय काय बिघडू शकतं हे आम्हा दुरुस्तीवाल्यांना तोंडपाठ असतं. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, त्याचा नेक बॉडीला चार स्क्रूंनी जोडलेला होता. बिघडला तर काढा, दुसरा लावा. तारेची लांबी त्याने ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर ठेवली आणि आजही बहुतेक बेसची लांबी तीच आहे. एकट्या कारागिराने बनवलेल्या बेसचं असं काही ठरलेलं नसतं. तो त्या माणसाच्या डोक्यात आला तसा बनतो. कधी ते डोकं खरंच मोठं असतं, कधी त्या माणसाला तसं नुसतं वाटत असतं. सेकंडहँड घेणाऱ्याला यातला फरक पाटी न वाचता ओळखायचा असतो.

या एकांड्या कारागिरांची लाट आली १९७०च्या दशकात. कॅलिफोर्नियातल्या अलेंबिकने किमती लाकडं, बॅटरीवर चालणारं सर्किट आणि आरपार नेक हे सगळं एका बेसमध्ये आणलं. बेसवादक स्टॅनली क्लार्कच्या हातात तो दिसल्यावर अमेरिकेतल्या कितीतरी गॅरेजांमधून भुसा उडायला लागला. आरपार नेक म्हणजे माथ्यापासून शेपटापर्यंत एकच पट्टा. बॉडीचे दोन पंख त्याला दोन्ही बाजूंनी चिकटवलेले. दिसायला देखणा, आवाज लांब टिकणारा. पण नेकला पीळ पडला तर बदलायला काही उरत नाही, कारण नेक म्हणजेच बेस.

फ्रेटलेसचं, म्हणजे बोटांखालच्या फळीवर फ्रेटच्या धातूच्या पट्ट्या नसलेल्या बेसचं, वेड त्याच सुमारास आलं. अँपेगने १९६६ मध्येच बिनफ्रेटचा बेस विकायला काढला होता, फेंडरने १९७० मध्ये. पण वेड लावलं जॅको पास्टोरियसने. त्याने आपल्या फेंडरचे फ्रेट काढून टाकले, खाचा बुजवल्या आणि फळीवर बोटींना लावायचं इपॉक्सी चढवलं. १९७६ मध्ये त्याची पहिली रेकॉर्ड आली आणि जगभरच्या पोरांनी पक्कड हातात घेतली. त्यांच्या उपटलेल्या फ्रेटांच्या खाचा बुजवण्यावर माझ्या धंद्यातल्या कित्येकांची घरं चालली.

आता मडगावचा बेस. गोव्याचे वादक जहाजांवर वाजवायला जातात ही जुनी रीत, आणि परत येताना त्यांच्याबरोबर वाद्यंही येतात. म्हणून गोव्यातल्या घरांत, कपाटावर, देव्हाऱ्याच्या बाजूला अशा वस्तू निघतात की मुंबईच्या दुकानदाराने नुसतं बघत बसावं. हा बेस ज्यांचा, ते अंकल आयुष्यभर क्रूझवर बेस वाजवलेले. बोटं आखडली म्हणून विकायला काढला होता. चार तारांचा फ्रेटलेस, नेक आरपार, मेपल आणि अक्रोडाच्या पाच पट्ट्यांचा. पंख महोगनीचे, फळी आबनूसची. माथ्यावर नाव नाही. मागचं झाकण उघडलं तर आत पेन्सिलीने १९८४ असं साल आणि दोन आद्याक्षरं. बस्स.

“पयलीं वाजोवन पळय, पुता,” असं म्हणत त्यांनी केबल पुढे केली. मी ती घेऊन बाजूला ठेवली. जुना बेस घेताना आधी वाजवला की माणूस भुलतो आणि मग दोष दिसेनासे होतात. मी बेस उचलून खिडकीकडे नेतो, शेपटाकडून माथ्याकडे एक डोळा मिटून बघतो. फळीच्या दोन्ही कडा एकाच ओळीत धावल्या पाहिजेत. पुढे-मागे बाक असेल तर घाबरायचं कारण नाही. नेकच्या आत पोलादी ट्रस रॉड असतो, तो आवळला की बाक निघतो. मात्र एक कड वर आणि एक खाली जात असेल तर तो पीळ. पीळ दिसला की मी चहा पिऊन नमस्कार करतो. इथे पीळ नव्हता. बाक भरपूर होता.

मग रॉडचा नट. अमेरिकन बेस असेल तर किल्ली इंचाच्या मापाची लागते. आपल्याकडे मिलिमीटरची किल्ली घालून फिरवायची सवय, आणि त्यात षट्कोनाचे कोपरे गोल होतात. हा नट शाबूत होता आणि त्याला अजून फिरायला जागा होती. कोणीतरी आधीच शेवटपर्यंत आवळून ठेवला असता तर बाक काढायला काहीच उरलं नसतं. त्यानंतर बोटाच्या पेराने फळीवर टकटक करत वरून खाली यायचं. चिकटलेलं लाकूड भरीव बोलतं, सुटलेलं पोकळ. डाव्या पंखाच्या सांध्याशी आवाज बदलला. निरखून बघितलं तर तिथे फट होती. कुठल्यातरी फर्निचरवाल्याने तीत पांढरा डिंक ओतून वरून चपडी पॉलिश मारलं होतं.

एवढं झाल्यावर केबल लावली. अ‍ॅम्प्लिफायर घूं करून उठला. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, आणि बेसच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या जागेचा जी हा ४९ हर्ट्झचा. म्हणजे अर्थिंग सुटलेला बेस भारतात स्वतःच एक चढा जी धरून बसतो. अंकल म्हणाले, म्हणूनच मी घरी सगळं जीमध्ये वाजवतो. ब्रिजखालची अर्थची तार तुटलेली होती, पाच मिनिटांचं काम. खरेदीच्या वेळी अशा घरघरीला घाबरून कितीतरी लोक चांगली वाद्यं सोडतात, आणि गुळगुळीत पॉलिशला भुलून पिळलेली घरी आणतात.

किमतीवरून थोडी ओढाताण झाली. त्यांच्या पुतण्याने फोनवर बघून एक आकडा काढला होता, तो ब्रुकलिनच्या एका नामांकित कारागिराच्या बेसचा. नाव असलेल्या हातबनावटीच्या बेसमध्ये निम्मे पैसे नावाचे असतात असं माझं मत आहे. नाव नसलेल्यात फक्त लाकडाचे आणि कामाचे. म्हणून नाव नसलेला चांगला बेस बाजारात पडून राहतो. परदेशातून मागवणाऱ्यांनी आणखी एक बघावं: फळी ब्राझीलच्या शिसवीची असेल तर १९९२पासून ते लाकूड ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडता येत नाही. गंमत अशी की जगातल्या हजारो गिटारींवर आपल्या दक्षिणेकडची शिसवी बसलेली आहे, आणि आपण मात्र तिचं टीपॉय करतो.

पुण्याला आणल्यावर मी तो बेस बरेच दिवस नुसता टांगून ठेवला. गिऱ्हाइकाला हे पटवणं सगळ्यात अवघड. गोव्याच्या पावसाळी हवेतून पुण्याच्या कोरड्या थंडीत आलेलं लाकूड आकसतं, तेही लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत. त्यात आबनूस आणि मेपल सारखे आकसत नाहीत, म्हणून बाक रोज थोडा वेगळा दिसतो. हलणाऱ्या फळीला रंधा लावणं म्हणजे उद्या पुन्हा लावायची तयारी. बाक दोन-तीन आठवडे एकाच जागी राहिला की मगच हत्यार काढायचं.

दरम्यान बाकीचं उघडलं. बॅटरीच्या खोबणीत हिरवा गंज उतरला होता. प्रीअ‍ॅम्प म्हणजे बॅटरीवर चालणारं सर्किट, इपॉक्सीत ओतलेला काळा ठोकळा. आतलं सर्किट दिसू नये म्हणून तेव्हाचे लोक असं करत. तो मेला होता आणि उघडणं शक्य नव्हतं. पुढच्या पिकअपला मीटर लावला तर साडेसात किलोओहमच्या आसपास, ठणठणीत. मागच्याला काहीच नाही, म्हणजे कॉइल कुठेतरी तुटलेली. घामाचा ओलावा बॉबिनच्या कडेने आत शिरतो आणि सुरुवातीचा वेढाच खातो. गुंडाळी पुन्हा करायची तर ४२ गेजची तार लागते, सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीची, आणि अशा पिकअपवर तिचे नऊ-दहा हजार वेढे बसतात. आमच्या गल्लीतल्या मोटर वाइंडिंगवाल्याला मी ती दाखवली, त्याच्या यंत्राचा काउंटर वापरायला मिळावा म्हणून. तो पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटरी भरतो. त्याने तार उजेडात धरली, दिसेना म्हणून चष्मा लावला आणि म्हणाला, “साहेब, हे तुम्हीच भरा, माझ्या श्वासाने तुटेल.” काउंटर मात्र दिला, पैसे न घेता. ताण बोटांनीच द्यावा लागतो. जास्त झाला तर तार तुटते, कमी झाला तर वेढे सैल राहून पिकअप शिट्टी मारतो.

जुना प्रीअ‍ॅम्प काढून मी साधं पॅसिव्ह वायरिंग केलं: दोन व्हॉल्यूम, एक टोन. यावर एका वादकमित्राने नाक मुरडलं. हातबनावटीच्या वस्तूतलं काही बदलू नये असं त्याचं म्हणणं. मी तसं मानत नाही. तो ठोकळा कारागिराने विकत आणून बसवलेला होता, त्यात त्याचा हात नव्हता. त्याचा हात नेकच्या पाठीत होता: जाड तारेच्या बाजूला थोडी सपाट, बारीक तारेच्या बाजूला थोडी भरलेली. मनगटाची वळण्याची पद्धत त्याने नीट बघितली होती. नेक पातळ करून द्या असं कोणी म्हटलं असतं तर मी बेस परत दिला असता. कुठे कारागिराने विचार केला आहे आणि कुठे त्याने हाताशी होतं ते लावलं आहे, हे वेगळं करणं हेच आमचं काम. बाकी सगळी हमाली.

पंखाच्या सांध्यात हमालीच होती. जुना डिंक पूर्ण निघाल्याशिवाय नवा धरत नाही. गरम पाणी, पातळ पाते, पुन्हा गरम पाणी. जोडायला मी सरस वापरला. बेस गोव्यातच राहणार असता तर वापरला नसता, दमट हवेत सरसाचा भरवसा नाही. पुण्यात मात्र त्याचा फायदा असा की माझ्यानंतर कोणाला हा सांधा उघडायचा झाला तर ऊब आणि वाफ पुरते, पटाशी चालवावी लागत नाही.

फळीचं काम शेवटी. फ्रेटलेसवर वेटोळ्यांच्या, खरखरीत राउंडवूंड तारा लावून वर्षानुवर्षं वाजवलं की आबनूससारखं कठीण लाकूडही झिजतं. तारांखाली चर पडतात. इथे ते पाचव्या ते नवव्या जागेपर्यंत सगळ्यात खोल, साधारण ०.४ मिलिमीटर. मी तारा चढवून, सुरात लावून, रॉडने नेक सरळ केला, मग तारा काढून फळीभर पेन्सिलीने नागमोडी रेघा मारल्या. लांब पोलादी पट्टीला १२० नंबरचा पॉलिश पेपर लावून एकाच लयीत पुढे-मागे. उंचवट्यावरच्या रेघा आधी जातात, चरांतल्या उरतात. प्रत्येक फेरीनंतर पुसून बघायचं, पुन्हा रेघा मारायच्या. आबनूसचा भुसा काळा शाईसारखा असतो, नाकपुडीत गेला की दिवसभर शिंका. सातव्या जागेपाशी, मधल्या दोन तारांखाली, दोन बारीक रेघा जायला तयार नव्हत्या. तिथे थांबलो. त्या दोन रेघांसाठी अख्खी फळी आणखी खाली नेण्यात अर्थ नव्हता. एवढी खोली बोटाला कळत नाही, आणि सहा मिलिमीटरच्या फळीला सहाच मिलिमीटर असतात. मग २२०, ४००, ८००.

फळी पूर्ण सपाट ठेवून चालत नाही. सतार-तानपुऱ्याची जवारी काढणाऱ्यांना हे सांगायला नको: घोडीच्या रुंद पाठीवर तार निघता निघता घासली पाहिजे, तरच तो भरलेला, फुललेला आवाज येतो. फ्रेटलेसचं गुरगुरणंही त्यातूनच येतं. बोटापुढे तार फळीला किंचित चाटून जाते. तानपुऱ्याला तारेखालचा दोरा, जीव, सरकवता येतो. इथे ते सगळं रॉडच्या पाव फेऱ्यात. मधोमध ०.२ मिलिमीटर खोलगट ठेवलं की सगळीकडे सारखं बोलतं. जास्त खोल झालं तर आवाज कोरडा. उंचवटा राहिला तर तार गुदमरते. माथ्याशी तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात त्या नटसाठी मिरजेहून आणलेलं उंटाचं हाड होतं, सतारीच्या घोडीला वापरतात तेच. फ्रेटलेसच्या नटला तार फळीपासून व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढीच वर ठेवतात, म्हणून खाच कापताना कानस दोनदा फिरवायची आणि पाच वेळा मोजायचं.

शेवटी सुरांची जुळवणी. या बेसला वरून रेघा नाहीत, फक्त कडेला ठिपके. पहिल्या जागेवर बोट एक मिलिमीटर चुकलं तर सूर दोन सेंट हलतो, बाराव्या जागेवर चार. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. मी बाराव्या ठिपक्यावरचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक जुळेपर्यंत ब्रिजचे घोडे मागे-पुढे केले. कारागिराचे ठिपके अचूक निघाले. १९८४ मध्ये, बहुधा पट्टी आणि कॅल्क्युलेटर घेऊन, त्याने ते नीट मोजून लावले होते. त्या दोन आद्याक्षरांचा माणूस कोण हे मला कळलं नाही आणि मी फारसं शोधलंही नाही.

बेस आता पुण्यातल्या एका तरुण वादकाकडे आहे. मृत प्रीअ‍ॅम्प, जुना नट आणि मी काय काय केलं त्याची यादी, हे सगळं मी बेसबरोबर पिशवीत घालून दिलं. तारा गुळगुळीत, फ्लॅटवूंड लावून दिल्या होत्या, फळी टिकावी म्हणून. पहिल्याच कार्यक्रमाला त्याने त्या काढून राउंडवूंड चढवल्या. म्हणाला, “काका, गुरगुर पाहिजे.” गुरगुर आली, त्याबद्दल वाद नाही. चर पडले की घेऊन ये म्हणून सांगितलं आहे. फळी अजून साडेपाच मिलिमीटर शिल्लक आहे.