मुकी चौकट

जुन्या दप्तरांतील मोडी कागद ज्यास लागत नाहीं, तो त्या कागदास क्वचितच दोष देतो. आपणांस मोडी येत नाहीं, एवढें म्हणून तो जाणत्याकडे जातो. संगणकाच्या पडद्यावर मात्र वेडींवाकडीं अक्षरें दिसूं लागलीं, कीं शहाणीं माणसेंही 'मजकूर बिघडला' असा निकाल देऊन मोकळीं होतात. मजकूर जागच्या जागीं असेल आणि बिघाड केवळ तो वाचून दाखविणाराचा असेल, ही शंका त्यांच्या मनास शिवत नाहीं.

आमच्या घरीं लिनक्स प्रणालीवर चालणारा एक जुना संगणक आहे. आमच्या आत्याबाई जात्यावर ज्या ओव्या म्हणत, त्या त्यांच्या तोंडून उतरून घेऊन त्यांत सांठविलेल्या आहेत. आत्याबाई आतां नाहींत, आणि त्या ओव्यांची दुसरी प्रत कोठेंही नव्हती. गेल्या पावसाळ्यांत त्या संगणकाचा चित्रमय पडदा चालेनासा झाला. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनीं बरीच खटपट केली. पण ज्यास कन्सोल म्हणतात तो केवळ अक्षरांचा काळा पडदा तेवढा हातीं उरला. त्यावर ओव्यांची फाईल उघडून पाहतों, तों मराठीचा मागमूस नाहीं! डोक्यावर तिरपी रेघ घेतलेला रोमन 'ए' आणि कसलींशीं परकीं चिन्हें, यांची नुसती खिचडी.

अभियांत्रिकी शिकणारा आमचा पुतण्या म्हणाला, "काका, फाईल गेली. सगळें पुसून प्रणाली नव्यानें बसवूं या."

आम्हीं त्यास थांबविलें. त्या खिचडींत आम्हांस एक विलक्षण शिस्त दिसत होती. प्रत्येक शब्दांत दोन चिन्हें सोडून पुन्हा तोच रेघवाला 'ए' येई. नासधूस इतकी नेमानें होत नसते.

या नेमाचें मूळ यूटीएफ-८ या लेखनसंकेतांत आहे. केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं तो १९९२ सालीं योजिला. त्यांत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट, म्हणजे तीन अंक लागतात. पहिला सदैव २२४, दुसरा १६४ किंवा १६५, आणि तिसरा त्या त्या चिन्हाचा निराळा. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९. पश्चिम युरोपाच्या जुन्या संकेतांत मात्र एका अंकास एक अक्षर असा हिशेब आहे, आणि त्यांत २२४ म्हणजे तोच रेघवाला 'ए'. 'छ' ची दशा तर सर्वांत केविलवाणी. त्याचा तिसरा अंक १५५. जुन्या रीतीनें वाचणारा कन्सोल त्यास अक्षर न समजतां 'पुढें आज्ञा येत आहे' अशी सूचना समजतो, व पाठचें चिन्ह गिळून टाकतो.

फाईलींतील अंक जसेच्या तसे दाखविणारें 'ओडी' नांवाचें साधन लिनक्सबरोबर येतें. तें लावून पाहिलें, तों त्रिकुटामागून त्रिकूट बिनचूक उभें! ओव्या शाबूत होत्या.

मग पडदा त्या अशा कां वाचीत होता? संगणक सुरू होतांना 'सिस्टिमडी' ही व्यवस्था अनेक सेवा शक्य तेथें एकाच वेळीं चालू करते. त्यांपैकीं एक सेवा कन्सोलचा लेखनसंकेत व टंक ठरविते, आणि त्यासाठीं भाषेची नोंद वाचते. त्या नोंदींत अमेरिकी इंग्रजीचें नांव होतें, पण त्यापुढें 'यूटीएफ-८' ही पुस्ती नव्हती. अशा नुसत्या नांवाचा अर्थ जुना युरोपीय संकेत असा घेतला जातो. सेवेनें हुकमाप्रमाणें पडदा त्या संकेतावर नेला, आणि आपलें काम यशस्वी झाल्याची नोंदही करून ठेवली! जो आज्ञा तंतोतंत पाळतो, त्याच्याकडे संशयाची नजर सहसा वळत नाहीं.

आम्हीं पुस्ती जोडली व सेवा पुन्हा चालू केली. खिचडी नाहींशी झाली. पण ओव्या उमटल्या नाहींत. प्रत्येक चिन्हाच्या जागीं पत्त्यांतल्या चौकटीसारखी एक खूण तेवढी आली. पुतण्याचें तोंड उतरलें. आम्हांस मात्र हायसें वाटलें. कन्सोलच्या टंकांत फार तर ५१२ आकार मावतात, आणि जोडाक्षरें जुळविण्याची कला त्यास अवगत नाहीं. मघांशीं तो एका चिन्हाचीं तीन खोटीं चिन्हें करून बेधडक वाचीत होता. आतां 'येथें एक चिन्ह आहे, तें मला येत नाहीं' असें कबूल करीत होता. ती मुकी चौकट म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा होय.

फाईल पेनड्राइव्हवर घेऊन पुतण्याच्या संगणकावर उघडली, तों आत्याबाईंच्या ओव्या काना-मात्रेसह समोर उभ्या राहिल्या. तो बराच वेळ वाचीत बसला; यंत्र पुसण्याचा विषय त्यानें पुन्हा काढला नाहीं. त्या खिचडीसच मजकूर मानून कोणी ती 'सुधारावयास' बसला असता व फाईल तशीच जतन करता, तर मात्र ओव्या खरोखरच बिघडल्या असत्या.

माणसांचा व्यवहारही याहून फारसा वेगळा नाहीं. मागच्या पिढीचें बोलणें आपण आपल्या संकेतानें वाचतों, तें विचित्र दिसतें, आणि विचित्र दिसलें म्हणून पुसून टाकावयास निघतों. अशा वेळीं मनांत एखादी मुकी चौकट उमटूं देणें बरें. तिच्यामागचें अक्षर निदान सुरक्षित राहतें, आणि तें वाचणारा पुढें कधींतरी भेटतो.